जिनमध्ये तपासलेले समुद्राचे रीळ

सावंतसाहेबांनी रीळ आमच्या टेबलावर ठेवले. त्या दिवसापासून आमचे दुकान बदलले.

आमचे म्हणजे दादाचे आणि माझे. वाशीमच्या बाजारात आम्ही दोघे भाऊ घड्याळे, शिवणयंत्रे आणि ग्रामोफोन दुरुस्त करत होतो. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि कापसाचा हंगाम असला की गाव जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, हाताशी कायम एखादे पुस्तक असलेला, म्हणून दादा मला चिडवायला ‘मास्तर’ म्हणायचा. ही गोष्ट खरे तर त्याने सांगायची. तो सांगायचा तेव्हा माणसे हसता हसता ओट्यावर बसून घेत. या मार्गशीर्षात तो गेला. आता मलाच ती लिहावी लागते आहे, आणि मला हळूहळूच लिहिता येते.

सावंतसाहेब जिनच्या इंजिनाचे इंजिनीअर. मूळचे मालवणकडचे. त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक जुनी, काळपट, मुठीएवढी. दुसरी नवी, चकचकीत.

“मिस्त्री, ओळखा पाहू काय आहे.”

दादाने काळी वस्तू उचलली. उलटसुलट केली. कानाशी नेऊन हलवली.

“घड्याळ तं नोहे. शिलाई मशीनचं बॉबिन म्हणावं, तं एवढ्या बॉबिनावर कोनाचा सदरा शिवता साहेब, हत्तीचा?”

“मासे धरायचे रीळ आहे ते.”

“मासे? अन् हे यंत्र लावून? आमच्याकडे तं लोक तळ्यात काठी घेऊन बसतात. मासा आला तं आला, नाही तं झोप तरी होते.”

सावंतसाहेब हसले. मग त्यांनी नीट समजावून सांगितले. त्यांच्या गावाला वाळूचा लांब किनारा आहे. त्यांचे बाबा होडीत न बसता वाळूवर उभे राहून, जिथे लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे गळ फेकतात. त्यासाठी दोरी पुष्कळ लागते. ती या रिळावर गुंडाळलेली असते. रीळ लांब काठीवर आडवे बसवतात. गळ फेकला की मधली चाकी भरारा फिरते आणि दोरी सुटते. मासा लागला की बाजूची मूठ फिरवून दोरी ओढून घ्यायची. मूठ एकदा फिरली की आतल्या दातेरी चाकांमुळे चाकी तीनदा फिरते, म्हणजे दोरी लवकर येते. मूठ आणि चाकी यांच्यामध्ये एक सरकता ब्रेक असतो. त्याला ते ‘ड्रॅग’ म्हणत. मासा जोरात पळाला तर ड्रॅग थोडा घसरतो, दोरी देतो, म्हणून ती तुटत नाही.

“बाबांची नजर चालली आहे,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी हात टेकले. यंदाचा शिमगा तरी किनाऱ्यावर करीन म्हणतात. हे रीळ खाऱ्या पाण्याने पार धरले आहे, मूठ हलत नाही. मी मुंबईहून त्यांना हे नवे आणून दिले. एका हंगामात त्याचीही ही दशा. शिमग्याला मी रजेवर जाणार. त्याआधी दोहोंतले एक चालू करून द्या. कुठले, ते तुम्हीच बघा.”

दादाचे डोळे चमकले. वर्षानुवर्षे तीच घड्याळे आणि तीच शिवणयंत्रे उघडणाऱ्या माणसापुढे कोणी नवे यंत्र ठेवले की त्याला जेवण सुचत नाही. साहेब पायरी उतरले नाहीत तोच त्याने स्क्रूड्रायव्हर काढला.

“मास्तर, दार लोटून घे. आज गिऱ्हाईक नाही.”

नवे रीळ आम्ही आधी उघडले. त्याची तऱ्हा वेगळी होती. त्यात चाकी फिरत नाही, तिच्याभोवती तारेचा एक हात फिरतो आणि दोरी गुंडाळतो. हलके, नाजूक, सुरेख काम. पण त्याच्या पोटात पांढरी भुकटी साचली होती. हलक्या धातूच्या अंगाला लोखंडी स्क्रू लावलेले, आणि खारे पाणी दोघांच्या मध्ये शिरलेले. दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. मी हे शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिले. तारेच्या हाताची केसाएवढी स्प्रिंग गंजून तुटली होती.

जुने रीळ उघडायला मात्र खरा झगडा झाला. स्क्रू हलेनात. रॉकेलमध्ये भिजत ठेवले, ऊन पाण्यात टाकले, पुन्हा रॉकेल. शेवटी बाजूची तबकडी सुटली तेव्हा आतून मिठाचे खडे पडले. दादाने एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे केला.

“चाख. समुद्र आला वाशीमात.”

मी चाखला. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. आमची त्याच्याशी पहिली ओळख अशी झाली.

पण आतले काम पाहून दादा खूश झाला. भाग मोजके, जाडजूड, चाके ब्राँझची. मुख्य दांडा झिजला नव्हता. मी विचारले, “कोणतं करावं दादा?”

“हे बुढं. नवीन रीळ शहराच्या पोरीसारखं हाय, दिसाले साजरं पन वाळूत बसाले नाही. समुद्रावर न्याचं यंत्र जाड पाह्यजे, थोडक्या भागांचं पाह्यजे, अन् घरच्या घरी उघडता आलं पाह्यजे. बुढ्या मानसाले केसासारखी स्प्रिंग देऊन काय करतं?”

त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना आम्ही तेच सांगितले.

साफसफाईला बरेच दिवस गेले. मीठ तेलाने निघत नाही, गोड्या पाण्यानेच विरघळते. म्हणून आधी पाणी, मग रॉकेल, मग कोरडे करणे, आणि तेल सगळ्यांत शेवटी. दातेरी चाकांना घट्ट ग्रीस, कारण ते पाण्याने वाहून जात नाही. चाकीच्या दोन्ही टोकांना मात्र पातळ तेलाचा एकेक थेंब. ड्रॅगमधल्या चामड्याच्या चकत्या आम्ही नव्या कापल्या आणि त्यांना तेलाचे बोट लावले नाही. ब्रेकला तेल लावू नये हे सायकल चालवणाऱ्यालाही कळते.

मग दादाने मूठ फिरवली. चाकी फिरली! आम्ही दोघे लहान मुलांसारखे ओरडलो. समोरच्या स्टँडवरून टांगेवाले चांदभाई धावत आले. “काय झालं मिस्त्री? घड्याळातून साप निघाला का?”

एकच गोष्ट दादाला खटकत होती. रिळाच्या डाव्या बाजूला एक बटण होते. ते सरकवले की आतली एक लहान जीभ चाकीच्या दात्यांवर टेकायची आणि चाकी फिरताना करकर आवाज यायचा. खारी हवा लागून तो आवाज फार खराब झाला होता. घोगरा, मध्येच अडकणारा.

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो. आमच्याकडे येणारे प्रत्येक गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन येई. मशीन खडखडते, फोनो घरघरतो, घड्याळ टिकटिक मोठ्याने करते. दुरुस्त यंत्र म्हणजे आवाज न करणारे यंत्र. दादा काम झाल्यावर मशीनला कान लावायचा आणि ऐकू आले नाही की पैसे मागायचा. तेव्हा त्याने काय केले असेल हे उघड आहे. चाकीचे दाते कानशीने घासून गुळगुळीत केले आणि जिभेखाली ग्रामोफोनमधला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा बसवला. बटण सरकवा, नका सरकवू, रीळ लोण्यासारखे फिरू लागले. मीही कान लावून पाहिला आणि म्हणालो, “वा!”

सावंतसाहेब आले. दादाने रीळ त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी मूठ फिरवली, चेहरा उजळला. ड्रॅग ओढून पाहिला, मान डोलावली. मग त्यांनी बटण सरकवले आणि चाकीला बोटाने फिरवले.

काहीच ऐकू आले नाही.

त्यांनी पुन्हा फिरवले. रीळ कानाशी नेले.

“मिस्त्री, याचा आवाज कुठे गेला?”

“काढला साहेब,” दादा अभिमानाने म्हणाला. “बिलकुल बंद केला.”

साहेब स्टुलावर बसले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते.

“बाबांना काठी हातात धरून तासभर उभे राहवत नाही,” ते म्हणाले. “ते बांबूची नळी वाळूत रोवतात, त्यात काठी उभी करतात आणि मागे बसतात. माझ्यासारखा माणूस काठीच्या शेंड्याकडे बघतो. शेंडा वाकला की मासा लागला. बाबांना शेंडा दिसत नाही. मासा दोरी ओढतो तेव्हा रीळ करकरते, ते ऐकून ते उठतात. त्यांना ती एवढी एकच खूण उरली आहे.”

दादाच्या हातातला फडका खाली पडला. घासलेले दाते परत उगवत नाहीत हे आम्हा तिघांनाही कळत होते.

“मुंबईहून चाकी मिळन?” दादाने विचारले.

“हा मेक बंद झाला. आणि शिमगा तोंडावर आहे.”

“मंग आमी करतो.”

“करता येईल?”

“मले एक सांगा साहेब. किती मोठा आवाज पाह्यजे?”

“लाटांच्या वर गेला पाहिजे.”

“लाटा किती ओरडतात?”

सावंतसाहेब विचारात पडले. ज्याने समुद्र ऐकलेला नाही त्याला तो कसा सांगावा? त्यांनी हात पसरला, मिटला. बाजारात पाहिले. मग एकदम उभे राहिले.

“उद्या जिनमध्ये या. सगळ्या चरख्या चालू असताना मधोमध उभे राहा. जवळजवळ तेवढाच.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चरखी म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र. दोन्ही बाजूंना त्यांच्या रांगा, वर फिरणारा लांब दांडा, पट्टे, हवेत उडणारा कापूस. आवाज इतका की दादा माझ्या कानाशी काय ओरडला ते मला बाहेर आल्यावर विचारावे लागले. तो म्हणाला होता, “मास्तर, हा समुद्र व्हय तं बुढा बहिरा कसा नाही झाला?”

साहेबांनी जिनच्या भंगारातून इंजिनाचे एक झिजलेले बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती जाड कडी, दिले. गनमेटलचे, म्हणजे तांबे-कथलाच्या मिश्रणाचे. गनमेटल खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, आगबोटींत तेच वापरतात, असे ते म्हणाले. त्यातून दादाने चाकीच्या कडेला बसवायची दातेरी चकती कापायला घेतली. मी कागदावर दात्यांची आखणी केली, भूमिती तेवढ्यापुरती कामी आली. दादाने एकेक दाता कानशीने उतरवला. आधीच्यापेक्षा खोल, आणि एका बाजूने तिरका, म्हणजे जीभ घसरणार नाही, उडी मारेल. जीभ मात्र पोलादाचीच हवी होती. पितळेची मऊ पडते, आवाज मरतो. पोलाद गंजणार हे ठरलेलेच, म्हणून ग्रामोफोनच्या तुटक्या स्प्रिंगमधून आम्ही बऱ्याच जिभा कापून ठेवल्या. एक गंजली की दुसरी बसवायची.

तपासणीसाठी दादाने योजना काढली आणि ती ऐकून चांदभाई टांग्यातून पडायचे राहिले.

“मेरी बिजली को मछली बनाते क्या मिस्त्री?”

बिजली म्हणजे त्यांची घोडी.

“दोन चकरा मारनं हाय चांदभाई. मासा बी पळते, तुमची घोडी बी पळते.”

“मासा शेव-चिवडा नाही खात. बिजली खाते.”

“देऊ!”

जिनच्या दाराशी सरकीचा मोठा ढीग होता. वाळू नाही तर सरकी. त्यात बांबूची नळी रोवली, नळीत साहेबांनी आणलेली काठी, काठीवर रीळ. दोरीचे टोक अंगणात टांग्याच्या मागच्या पायरीला बांधले. मी काठीकडे पाठ करून, दहा-बारा हातांवर, कापसाच्या बोदावर, म्हणजे ठासून भरलेल्या मोठ्या पोत्यावर, बसलो. डोळ्यांवर दादाने आपला रुमाल बांधला. आवाज ऐकला की मी हात वर करायचा. टांगा कधी निघणार ते मला सांगणार नव्हते.

चरख्या गरजत होत्या. मी बसून राहिलो. कान ताणून ताणून दुखायला लागले. मला काहीच ऐकू आले नाही. मग दादाने रुमाल सोडला. टांगा फाटकाशी उभा होता आणि दोरी सगळी सुटून गेली होती.

“मासा गेला,” दादा म्हणाला. “बुढा बसलाच राह्यला.”

साहेब सुटलेली दोरी गुंडाळू लागले. त्यांना दोन दिवसांनी निघायचे होते.

घरी येताना दादा रस्त्याच्या मधोमध थांबला. एका दुकानात ग्रामोफोन लागला होता. “मास्तर, सुईचा आवाज किती असते रे?”

“बारीक. डास गुणगुणल्यासारखा.”

“मंग भोंग्यातून एवढा काहून येते?”

मी सांगितले की सुईमागे साउंडबॉक्समध्ये पातळ पडदा असतो, तो थरथरतो म्हणून. सांगता सांगता मलाही उमगले आणि आम्ही जवळजवळ पळत दुकानात आलो. रिळाची डावी तबकडी जाड बॅकेलाइटची, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक पदार्थाची, होती. जीभ तिच्यावर बसवलेली. जाड तबकडी आवाज गिळून टाकत होती! दादाने वहिनीच्या पानाच्या डब्याचे पितळी झाकण मागितले. वहिनी म्हणाली, “काल मासे माह्या नवऱ्याले घेऊन गेले, आज माह्या डब्याचं झाकन. उद्या माह्या पाटल्या घेऊन जा.” पण झाकण दिले. दादाने ते ठोकून पातळ केले, मध्ये थोडा फुगवटा दिला, कडेने तबकडीच्या मापाने कापले आणि जिभेचा खिळा थेट त्यालाच जोडला. खाऱ्या हवेसाठी दोन्ही बाजूंनी कल्हई केली.

पुन्हा जिन. पुन्हा सरकीचा ढीग, रुमाल, बोद. या वेळी बातमी पसरली होती. जेवणाच्या सुट्टीतल्या बाया दारात उभ्या राहून हसत होत्या. “काय तपस्या चालू हाय?” एकीने विचारले. साहेबांनी इंजिन थांबू दिले नाही, चरख्या रिकाम्या का होईना चालू ठेवल्या.

मी बसलो. गर्जना. फक्त गर्जना. मला वाटले या वेळीही संपले. आणि मग त्या सगळ्या गोंधळाच्या वर, उजव्या कानात, काहीतरी कडक, कोरडे, भराभर टिपऱ्या वाजाव्यात तसे—

मी हात वर केला नाही. मी उठून उभाच राहिलो. रुमालासकट वळलो आणि आवाजाच्या दिशेने चालत गेलो, आणि माझा हात काठीवर पडला. ती थरथरत होती. पलीकडे बिजली जोरात होती, चांदभाई “हाऽऽ मछली, हाऽऽ!” म्हणून ओरडत होते. मी ड्रॅग कसला. मूठ धरली. दोरी ताणली गेली, रीळ थोडी देत राहिले, तुटले काही नाही. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दादाने मला मिठी मारली तेव्हा त्याच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता.

सावंतसाहेब निघाले. जाताना आम्ही त्यांना रिळाच्या देखभालीचे सांगितले, म्हणजे दादाने बजावले: किनाऱ्यावरून आल्यावर रीळ आधी गोड्या पाण्यात अलगद धुवायचे, जोराची धार मारायची नाही, नाहीतर मीठ आत शिरते. ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर चामडे चिकटते. ओल्या पिशवीत गुंडाळायचे नाही. सुती दोरी धुऊन सावलीत वाळवायची. आणि जीभ गंजली की बदलायची.

शिमगा झाला. आम्ही रोज जिनच्या फाटकाकडे बघत होतो. साहेब आले ते थेट दुकानात.

“बाबांनी आधी हातात घेतले, बटण लावून फिरवले आणि म्हणाले, हा आवाज माझा नव्हे.”

दादाचा चेहरा उतरला.

“मग किनाऱ्यावर गेलो. बरीच संध्याकाळ काही नाही. मी कंटाळून पाण्यात पाय घालून उभा. भरती, वारा, लाटांचा कल्लोळ. आणि मागून रीळ ओरडले. मी वळेपर्यंत बाबा काठीजवळ होते! रावस लागला होता. मी मदतीला गेलो तर कोपराने ढकलून दिले. एकट्याने वाळूवर आणला. माशाला हाताने चाचपून पाहिले आणि मग मला म्हणाले, तुझ्या मिस्त्रींना सांग, जुन्याचा आवाज ऐकायला मला जवळ बसावे लागे, याला लांब बसून चालते.”

दादाने हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाला, “रावस म्हंजे केवढा असते साहेब?”

साहेबांनी दोन्ही हात पसरून दाखवले. दादाने ते हात धरून अर्धे अंतर कमी केले आणि दोघेही हसले.

बाबा त्यानंतरही काही हंगाम त्या रिळाच्या भरवशावर किनाऱ्यावर बसले. त्यांच्या शेजाऱ्यांची, मग शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांची रिळे साहेबांबरोबर वाशीमला येऊ लागली. दुरुस्तीला आलेल्या यंत्रात कुठला आवाज रोग असतो आणि कुठला काम, हे यंत्राकडे बघून कळत नाही. ते वापरणाऱ्याला विचारावे लागते. तेव्हापासून आम्ही आधी विचारू लागलो.

सावंतसाहेब आता नाहीत, त्यांचे बाबा तर केव्हाच गेले. चांदभाईंचा टांगा गेला. दादाने शेवटपर्यंत समुद्र पाहिला नाही, मीही पाहिलेला नाही. कोकणातून वर्षाला दोन-तीन रिळे अजून येतात. ती मी उघडतो, धुतो, जीभ बदलतो. बटण लावून चाकी फिरवतो. दुकानात ऐकायला मी एकटा असतो.